कान आधी, कारखाना नंतर

अमर बोस लहानपणी व्हायोलिन शिकले होते. 1956 मध्ये एमआयटीत शिकत असताना त्यांनी महागडा स्टिरिओ विकत घेतला. कागदावरचे आकडे उत्तम, पण सभागृहात कानांवर येणारं व्हायोलिन त्यातून येईना. हे असं का, याचा शोध त्यांनी घेतला. सभागृहात बराचसा आवाज भिंतींवरून परतून आपल्यापर्यंत येतो, हे त्यांनी हेरलं. 1964 मध्ये त्यांची स्पीकर बनवणारी 'बोस' कंपनी निघाली. 1968 च्या '901' स्पीकरमध्ये आवाज काढणारे नऊ शंकू होते, त्यांतले आठ मागे, भिंतीकडे तोंड केलेले!

वेगळ्या धाटणीच्या स्पीकरचं मराठी मुलखातलं उदाहरण पुण्याचं. तिथल्या 'केडन्स ऑडिओ'ने हायब्रिड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवले. यात वरच्या सुरांसाठी शंकूच नसतो. दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये ताणलेला, उच्च विद्युतदाबाने भारलेला पातळ पडदा थरथरतो. त्याचं वजन इतकं कमी, की सूर उमटताच तो हलतो आणि थांबताच थांबतो. खर्जासाठी मात्र नेहमीचा शंकूच लागतो.

यवतमाळच्या दुकानात स्पीकर घ्यायला गेलात तर ढोल-ताशांवर पारख करू नका, तानपुरा लावा. घोडीवरच्या दोऱ्यामुळे तारेला येणारी जवारी, तो झणकार, सुटा ऐकू यायला हवा. नुसता 'गूं' आला, तर पुढचा स्पीकर ऐका. शेवटी एखादा ओळखीचा गळा लावा. आपल्या माणसाचा आवाज ओळखायला कान सहसा चुकत नाहीत.