चाप, चकमक आणि टोपी : बंदुकीच्या कळीवरून कागदपत्रांचा कालनिर्णय

गतवर्षीं बुलढाणा जिल्ह्यांतील एका सद्गृहस्थांनीं आम्हांस आपल्या घराण्यांतील एक मोडी बाड दाखविलें. त्यांत साखरखेर्ड्याच्या लढाईचें वर्णन असून तें लढाईच्या वेळींच लिहिलें गेलें, अशी त्यांची परंपरागत समजूत होती. कागद जुना, शाई विटलेली, अक्षर वळणदार. परंतु वाचतां वाचतां 'टोप्यांच्या बंदुका' हा शब्द आला आणि आम्ही थांबलों. निजामुल्मुल्क व मुबारिझखान यांची ही लढाई इ. स. १७२४ च्या ऑक्टोबरांत झाली. तेव्हां बंदुकीस टोपी नव्हतीच. हें कसें ठरतें, तें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

नळी, दारू व गोळी यांच्या मूळ योजनेंत दीर्घ काळ फारसा पालट झाला नाहीं. पालटत गेली ती दारूस अग्नि पोंचविणारी कळ. पहिली कळ तोड्याची. तोडा अथवा जामगी म्हणजे सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळविलेली सुती दोरी. ती पेटती ठेवून घोड्याच्या चिमट्यांत धरीत. चाप ओढला कीं घोडा पुढें कलून कानापाशीं ठेवलेल्या रंजकेस विस्तव लागे. इकडील तोडेदार बंदुकींत चापाची ओढ दांड्यानें सरळ घोड्यास पोंचे. ताणून अडकविलेली कमान नसे. त्यामुळें ती स्वस्त पडे. परंतु पाऊस व वारा हे तिचे वैरी. शिवाय पेटता तोडा कमरेशीं बाळगून स्वारी करणें कठीण. म्हणून तमंचा, म्हणजे एका हातानें उडविण्याची लहान बंदूक, या कळीवर फारसा रुजला नाहीं. युरोपांत सोळाव्या शतकांत चाकाची कळ निघाली. पण ती घड्याळासारखी गुंतागुंतीची आणि महाग.

स्वस्त तमंचा शक्य झाला तो चकमकीमुळें. या कळीचें परिपक्व रूप इ. स. १६१० च्या सुमारास फ्रान्सांत सिद्ध झालें. त्याचें श्रेय मारें ल बुर्ज्वा या कारागिरास देतात. येथें घोड्याच्या जबड्यांत गारगोटी असते आणि ताणलेली कमान आंतील खांचेवर अडकलेली असते. चाप ओढतांच खिट्टी खांचेंतून सुटते, गारगोटी पोलादावर आपटते व ठिणग्या रंजकेंत पडतात. म्हणजे चापाचें कामच बदललें. पूर्वीं तो विस्तव वाहून नेई. आतां तो केवळ अडविलेली शक्ति मोकळी करी. तेव्हां चाप हलका असावा, ओढतांना हात हालूं नये, ही कारागिराची चिंता झाली. अठराव्या शतकांत द्वंद्वयुद्धाच्या तमंच्यांस अत्यंत हलके चाप बसवूं लागले. मात्र चाप जितका हलका, तितकें अवचित बार उडण्याचें भय अधिक.

मराठी कागदांत चकमकीच्या बंदुकीस 'पथरकला' म्हटलेलें आढळतें. इ. स. १७५७ च्या डिसेंबरांत याच जिल्ह्यांतील सिंदखेडाजवळ पेशव्यांची फौज व निजामअली यांची गांठ पडली. निजामअलीच्या बाजूस इब्राहिमखान गारदी होता. फ्रेंच धर्तीच्या अशा कवायती पायदळाचें हत्यार चकमकीची बंदूक हेंच. त्या लढाईच्या कागदांत 'पथरकला' आल्यास शंकेचें कारण नाहीं.

टोपीची गोष्ट निराळी. आघातानें पेट घेणाऱ्या द्रव्याचा बंदुकीस उपयोग करण्याचें पेटंट स्कॉटलंडांतील अलेक्झांडर फॉर्सिथ या धर्मोपदेशकानें इ. स. १८०७ मध्यें घेतलें. तांब्याची टोपी त्यानंतरची, आणि इंग्रजी फौजेंत तिचा सार्वत्रिक प्रसार १८४० च्या सुमारास झाला. मग जुनीच नळी ठेवून कानाच्या जागीं पोकळ बोंडी बसविण्याचा प्रघात पडला. नव्या बंदुकीहून हें पुष्कळ स्वस्त. म्हणून संग्राहकांनीं नळीवरून कळीचा व कळीवरून नळीचा काळ ठरवूं नये. मोडका चाप लोहाराकडून नवा करून घेणें तर सर्वथा वर्ज्य समजावें; त्यानें पुरावाच नष्ट होतो.

हीच कसोटी संस्कृत ग्रंथांसही लागते. शुक्रनीतींत नालिकयंत्राचें वर्णन आहे. त्याच्या मुळाशीं 'कर्ण' असून यंत्राच्या आघातानें अग्नि उत्पन्न करणारा दगड तेथें सांगितला आहे. 'कर्ण' म्हणजे आपला 'कान', आणि हा दगड म्हणजे चकमकच. गुस्ताव ओपर्ट यांनीं इ. स. १८८० मध्यें या ग्रंथाच्या आधारें प्राचीन भारतांत बंदुका होत्या असें प्रतिपादिलें. उलट लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ मध्यें हा ग्रंथच एकोणिसाव्या शतकांतील ठरविला. ग्रंथाच्या इतर भागांविषयीं मतभेद राहो. तो श्लोक मात्र चकमकीच्या पूर्वींचा मानतां येत नाहीं. स्वदेशाभिमानानें येथें डोळे मिटूं नयेत.

आतां त्या बाडाकडे वळूं. एक शब्द मजकुराची केवळ वरची मर्यादा दाखवितो. नकलकारानें जुन्या 'बंदुका' शब्दामागें आपल्या डोळ्यांपुढची टोपी जोडली असणेंही शक्य आहे. म्हणून आमचा निर्णय एवढाच कीं, ही प्रत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वींची नाहीं. तिच्या मुळाशीं जुना मजकूर असेल, तर तो इतर प्रमाणांनीं शोधावा. सद्गृहस्थांस वाईट वाटलें, तें स्वाभाविक होय. परंतु बाड खोटें ठरलें नाहीं, त्याचें वय तेवढें कळलें. ज्यांच्या संग्रहीं लढायांची वर्णनें असतील, त्यांनीं तोडा, चाप, पथरकला, टोपी हे शब्द कोणत्या पानावर येतात तें टिपून ठेवावें, एवढी विनंति आहे.