मिक्सर नेऊ की नको? परदेशी निघण्याआधी मागचं लेबल वाचा

मास्टर्सला निघालेल्यांचे मेसेज आतापासूनच यायला लागलेत, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: 'आईने नवाकोरा साडेसातशे वॅटचा मिक्सर घेऊन दिलाय, नेऊ का?' कोणी इस्त्रीबद्दल विचारतंय, कोणी केटलबद्दल, कोणी हेअर ड्रायरबद्दल. म्हणून आजचा अख्खा भाग याच विषयावर.

मिक्सरचं उत्तर आधी देऊन टाकते. लंडनला चालला असाल तर न्या. न्यू जर्सीला चालला असाल तर आईला समजावा आणि तो घरीच राहू द्या. आता हे असं का, ते बघू. कारण एकदा समजलं की उरलेल्या वस्तूंचा निर्णय तुमचा तुम्हीच घ्याल.

बॅग भरायच्या आधी घरातली प्रत्येक विजेची वस्तू उलटी करा, मोबाइलचा टॉर्च मारा आणि तिच्यावरचं बारीक अक्षरांतलं लेबल वाचा. 'इनपुट' या शब्दापुढे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल, तर ती वस्तू जवळपास कुठल्याही देशात चालते. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर, कॅमेऱ्याचे चार्जर, बरेचसे ट्रिमर या गटात येतात. पण लेबलवर नुसतं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असेल, तर तिला आपल्यासारखीच वीज लागते.

आपल्यासारखी वीज कुठे आहे? ब्रिटन, जर्मनी, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, दुबई इथे साधारण आपल्याइतकंच व्होल्टेज आणि ५० हर्ट्झच. तिथे भानगड फक्त पिनांच्या आकाराची. अमेरिका आणि कॅनडात मात्र घरातल्या सॉकेटला १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. जपानमध्ये तर १०० व्होल्ट, आणि गंमत म्हणजे देश दोन भागांत वाटलेला: टोकियोकडे ५० हर्ट्झ, ओसाकाकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका बाजूने जर्मन जनित्रं आणली आणि दुसऱ्या बाजूने अमेरिकन, ते भांडण आजही मिटलेलं नाही!

आता निम्म्या व्होल्टेजवर काय होतं ते ऐका. केटल, इस्त्री, गीझरचा रॉड अशा तापणाऱ्या वस्तूंमध्ये व्होल्टेज निम्मं झालं की ताकद निम्मी होत नाही, ती जवळजवळ पाव होते. कारण व्होल्टेज कमी झालं की तारेतून जाणारा करंटही तेवढाच कमी होतो, म्हणजे मार दोन्हीकडून बसतो. आपली १५०० वॅटची केटल अमेरिकेत चारशे वॅटच्या आसपास चालेल. इथे चार मिनिटांत उकळणारं पाणी तिथे पाव तासातही उकळणार नाही. धोका नाही, पण उपयोगही नाही.

उलट्या दिशेने मात्र खरा धोका आहे. अमेरिकेतून फक्त १२० व्होल्टचा टोस्टर आणून पुण्यात लावला, तर त्याची ताकद साडेतीन पटीहून जास्त होते. तो जळतो, आणि शेजारी पडदा असेल तर गोष्ट तिथे थांबत नाही. सुट्टीला येताना आईसाठी काही आणणार असाल तर हे लक्षात ठेवा.

मिक्सरचं दुखणं वेगळं. निम्म्या व्होल्टेजवर तो फिरतो, पण जीव नसल्यासारखा. पाण्याचं सरबत होईलही, पण ओल्या खोबऱ्याचं वाटण किंवा इडलीचं पीठ घातलं की पातं अडतं. अडलेली मोटर तापते आणि मग तो ओळखीचा वास येतो. 'मग ट्रान्सफॉर्मर घेऊ की,' असं बरेच जण म्हणतात. घेता येतो. पण साडेसातशे वॅटच्या मिक्सरला दुप्पट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर सुचवतात, म्हणजे पाच-सात किलोंचं धूड. आणि तो फक्त व्होल्टेज वाढवतो, हर्ट्झ बदलत नाही. त्यापेक्षा आपल्याच काही कंपन्या अमेरिका-कॅनडासाठी ११० व्होल्टचे मिक्सर बनवतात, दिसायला आणि वाटायला अगदी घरच्यासारखे. ते तिथल्या भारतीय दुकानांत मिळतात. माझं स्पष्ट मत, तोच घ्या. बॅगेतले चार-पाच किलो पुस्तकांना, गोडा मसाल्याला आणि थंडीच्या कपड्यांना द्या.

अ‍ॅडॉप्टर आणि ट्रान्सफॉर्मर यांची गल्लत करू नका. अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेजला हातही लावत नाही. जर्मनीत तर आपल्या चार्जरची बारीक दोन पिनांची प्लग थेट बसते. ब्रिटनमध्ये चौकोनी तीन पिना लागतात. जमलं तर तीन पिनांचाच अ‍ॅडॉप्टर घ्या. दोन पिनांवर लावलेल्या धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवला की झिणझिण्या येतात, त्या अर्थिंग नसल्यामुळे.

एक्स्टेंशन बोर्डाचा जुगाड सगळ्यांना माहीत आहे: एक अ‍ॅडॉप्टर, त्यावर आपला बोर्ड, मग सगळे चार्जर. चार्जरपुरतं ठीक आहे, हीटर मात्र त्यावर लावू नका. काही वसतिगृहांत असे बोर्ड चालत नाहीत, तेव्हा नियम आधी वाचा.

विजेशिवायची एक वस्तू मात्र जरूर न्या: प्रेशर कुकर. पण तिथली शेगडी कुठली, ते घरमालकाला किंवा रूममेटला विचारा. इंडक्शन असेल तर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणारच नाही. बुडाला लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर चालेल. सोबत दोन रबरी रिंगा, एक जादा शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह टाका. दोनशे-तीनशे रुपयांचा हा ऐवज तिकडे शोधत फिरावा लागतो.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत ठेवायची नाही, हातातल्या बॅगेतच. मर्यादा १०० वॅट-अवरची आहे. हिशेब सोपा: एमएएचला ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा. २०,००० एमएएचची ७४ भरते, चालते. ३०,००० वाली १११ होते, तिला विमान कंपनीची परवानगी लागते. आकडा पुसलेला असेल तर ती काढूनही घेऊ शकतात.

शेवटी फोन. अमेरिकेत काही नेटवर्क ठरावीक मॉडेलच स्वीकारतात. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करून आयएमईआय नंबर काढा आणि ज्या कंपनीचं सिम घेणार तिच्या वेबसाइटवर तो टाकून बघा. विमानात बसण्याआधी, तिथे उतरल्यावर नाही. आणि भारतीय सिम बंद पडू देऊ नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. ई-सिम करायचं असेल तर इथे असतानाच करा, कारण ते चालू करताना त्याच नंबरवरून मेसेजची देवाणघेवाण होते. रोमिंग सुरू आहे ना, तेही निघण्याआधी तपासा.

तुमच्याकडे एखादी वस्तू असेल जिचं लेबल कळत नाहीये, तर फोटो काढून पाठवा. पुढच्या भागात जमतील तितक्यांची उत्तरं देते. तोवर, भेटू!