आरशाने घडवलेल्या लेन्सेस

२० मिमी फोकल लेंग्थची लेन्स दूरच्या डोंगराची रेखीव प्रतिमा उमटवते ती स्वतःपासून २० मिमी अंतरावर. साध्या बहिर्वक्र भिंगाचा हा नियम शाळेच्या प्रयोगशाळेत मेणबत्ती आणि पुठ्ठा घेऊन आपण पडताळलेला असतो. आता निकॉनचा जुना एसएलआर कॅमेरा पाहा. त्याच्या माउंटच्या कडीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी आहे, आणि मधल्या जागेत एक आरसा दर फोटोला वर उचलला जातो. २० मिमीची लेन्स फिल्मच्या तितक्या जवळ नेली तर आरसा तिच्यावर आदळेल. तरीही अशा लेन्सेस बनल्या, विकल्या गेल्या आणि आज पन्नास वर्षांनंतरही उत्तम चित्र देतात.

जुनी, हाताने फोकस करायची वाइड अँगल लेन्स निवडताना नाव, किंमत आणि अपर्चर यांच्याकडे आपले लक्ष आधी जाते. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: ही लेन्स आरशाच्या कॅमेऱ्यासाठी जन्मली की बिनआरशाच्या? आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर ती कशी वागेल, हे या उत्तरावर फार अवलंबून असते. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९०० साली जर्मनीतल्या गोर्त्झ कंपनीसाठी एमिल फोन होएग यांनी हायपरगॉन नावाची लेन्स रचली. तिच्यात भिंगे फक्त दोन. दोन्ही वाटीसारखी खोल वळलेली, एकमेकांसमोर ठेवलेली, त्यामुळे बाहेरून सगळी रचना जवळजवळ एका लहान काचगोलासारखी दिसते. एवढ्या सामग्रीवर ती सुमारे १३५ अंशांचा कोन टिपत असे. अडचण एकच होती, पण मोठी होती. तिरप्या किरणांनी पडणारा प्रकाश कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. मध्यापासून ४५ अंशांवर तो पाव उरतो, आणि हायपरगॉनच्या कडेला, साडेसदुसष्ट अंशांवर, शेकडा दोनच्या आसपास. मध्यभाग नीट आला तर कडा काळ्याठिक्कर. यावर काढलेला तोडगा मला प्रकाशशास्त्राच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटतो. लेन्सच्या पुढे मधोमध ताऱ्याच्या आकाराची एक चकती बसवली होती. रबरी फुगा दाबला की हवेच्या झोताने ती गरगर फिरे आणि मधला प्रकाश अडवून कडांना वेळ देई. एक्स्पोजरचा बराचसा वेळ असा गेला की चकती बाजूला पडे आणि उरलेले एक्स्पोजर उघड्या लेन्सने पुरे होई.

समोरासमोर सारखी भिंगे ठेवण्याच्या या समरूप रचनेत एक उपजत गुण आहे. पुढच्या अर्ध्याचे काही दोष मागच्या अर्ध्याच्या उलट दोषांनी आपोआप कटतात. सरळ रेषा वाकणे, कडांना रंगीत झालर येणे आणि ठिपक्याला धूमकेतूसारखे शेपूट फुटणे हे ते दोष. म्हणून वाइड अँगलची पहिली मोठी प्रगती याच वाटेने झाली. सोव्हिएत संघात मिखाईल रुसिनोव्ह विमानातून नकाशासाठी फोटो घेणाऱ्या लेन्सेस रचत होते. नकाशात कडेचे शेतही मधल्या शेताइतकेच स्पष्ट हवे. त्यांनी दोन्ही टोकांना मोठी, बाहेरून फुगीर आणि आतून खोलगट भिंगे लावली, तेव्हा लेन्सकडे तिरप्या कोनातून पाहिले असता तिचे छिद्र अपेक्षेहून मोठे दिसू लागले. परिणामी कडांचा प्रकाश चौथ्याऐवजी साधारण तिसऱ्या घाताने घटू लागला, म्हणजे ४५ अंशांवर पावाऐवजी तिसऱ्या हिश्शाहून जरासा अधिक. लुडविग बेर्टेले यांनी झाइससाठी रचलेली १९५० च्या दशकातली २१ मिमी बायोगॉन याच तत्त्वावरची. तिचे मागचे भिंग फिल्मच्या अगदी जवळ जाते, त्यामुळे आरशाच्या कॅमेऱ्यात तिला जागाच नाही. बायोगॉनचीच ३८ मिमी आवृत्ती वापरता यावी म्हणून हासेलब्लाडने १९५४ मध्ये आरसा काढून टाकून एक वेगळा कॅमेराच बांधला. लेन्ससाठी कॅमेरा बदलावा, इतकी ती चांगली होती.

पण काळ आरशाच्या बाजूने होता. लेन्समधून जे दिसते तेच फिल्मवर येते, ही सोय छायाचित्रकारांना हवीहवीशी झाली होती. मग लेन्सनेच मागे सरायला हवे होते.

त्याची वाट सिनेमाने आधीच शोधून ठेवली होती. टेक्निकलरच्या कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन फिल्म चालत आणि प्रकाश वाटून देणारा काचेचा लोलक लेन्स व फिल्म यांच्या मध्ये बसे. त्या लोलकाला जागा हवी म्हणून १९३१ मध्ये लेस्टरच्या टेलर-हॉब्सन कंपनीत एच. डब्ल्यू. ली यांनी ३५ मिमीची एक उलट्या बांधणीची लेन्स रचली. टेलिफोटो लेन्समध्ये पुढे किरण एकवटणारा गट असतो आणि मागे पांगवणारा. लींनी हा क्रम उलटा केला. पुढच्या खोलगट भिंगांनी किरण आधी पसरवायचे आणि मागच्या फुगीर गटाने ते एकवटायचे, की प्रतिमा फोकल लेंग्थच्या मानाने बरीच मागे सरकून पडते. लेखाच्या सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर हेच.

स्थिरचित्रणात ही रचना रुळवली फ्रान्सच्या पिएर आंजेन्यू यांनी, १९५० साली, ३५ मिमी एफ/२.५ लेन्सने. रेट्रोफोकस हे त्यांनी तिला दिलेले नाव. वनस्पती तुपाला आपल्याकडे सरसकट डालडा म्हणतात तसे ते पुढे अशा सगळ्याच लेन्सेसना चिकटले. जवळपास त्याच सुमारास पूर्व जर्मनीत झाइस येनाची ३५ मिमी फ्लेक्टोगॉन आली. तिच्या वळणावर सोव्हिएत कारखान्यांनी ३७ मिमीची मीर-१ काढली. १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात तिला ग्रां प्री मिळाली आणि तो मान पुढच्या अनेक नगांच्या कडीवर कोरला गेला. आज विक्रेते त्या कोरीव अक्षरांचा जास्त भाव लावतात. बक्षीस रचनेला मिळाले होते, तुमच्या हातातल्या नगाला नव्हे, एवढे लक्षात ठेवलेले बरे.

समरूपता सोडल्याची किंमत मात्र भरावी लागली. कटणारे दोष आता कटेनासे झाले. सरळ भिंती पिंपासारख्या फुगू लागल्या, कोपरे पुसट झाले, आणि ते सावरायला भिंगांची संख्या वाढत गेली. संख्या वाढली की परावर्तन वाढते. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे चार टक्के प्रकाश परततो. सात गटांच्या लेन्समध्ये हवेला भिडणारी अशी चौदा पृष्ठे असतात, म्हणजे लेप नसेल तर चाळीस टक्क्यांहून अधिक प्रकाश वाटेतच गळणार आणि त्यातला काही धुक्यासारखा चित्रभर पसरणार. म्हणून वाइड अँगलमध्ये लेपाला इतर लेन्सेसपेक्षा जास्त महत्त्व आहे. पेंटॅक्सने १९७१ मध्ये टाकुमार लेन्सेसवर बहुस्तरीय लेप आणला आणि इतर कंपन्याही त्या दशकात त्याच वाटेने गेल्या. २८ मिमीपर्यंत एकेरी लेपाची लेन्स चालून जाते, उन्हाकडे पाठ ठेवली तर छानच चालते. २४ आणि त्याहून रुंद लेन्समध्ये सूर्य चौकटीत शिरतोच. तिथे मी बहुस्तरीय लेपाचीच घ्या म्हणेन.

दुसरी खोड जवळच्या फोकसची. असमरूप लेन्स दूरसाठी सुधारली की जवळच्या वस्तूला कोपरे बिघडतात. निकॉनने १९६७ च्या २४ मिमी एफ/२.८ निक्कोरमध्ये त्यावर उपाय केला: फोकसची कडी फिरवताना भिंगांचे गट एकमेकांच्या मानानेही सरकतात. आज हे सर्रास आढळते. निक्कोर लेन्सेसमध्ये तेव्हा ते पहिल्यांदाच आले. नऊ भिंगांची ही लेन्स तीस सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. जुन्या वाइड अँगल लेन्सेसपैकी एकच सुचवायची झाली तर मी हीच सुचवेन.

ऑलिंपसची वाट वेगळी. योशिहिसा मायतानी यांनी ओएम कॅमेरा लहान करण्याचा ध्यास घेतला आणि लेन्सेसही त्याच मापाने घडल्या. झुइको नावाच्या या लेन्सेसपैकी २८ मिमी एफ/३.५, २४ मिमी एफ/२.८ आणि २१ मिमी एफ/३.५ या तिन्हींना ४९ मिमीचाच फिल्टर बसतो. पुढे अवाढव्य काच न लावता २१ मिमी साधणे ही मोठी कारागिरी आहे. गड चढून जाणाऱ्याने त्यांचाच विचार करावा.

आणि आता नशिबाचा फेरा. फिल्मला किरण तिरपे आले तरी फारसे बिघडत नाही. डिजिटल सेन्सरचे तसे नाही. त्याच्यावर संरक्षक आणि गाळणीच्या काचेचा थर असतो. लाइकाने २००६ च्या एम८ मध्ये तो अर्ध्या मिलिमीटरवर आणला, सोनीच्या ए७ मालिकेत तो सुमारे दोन मिलिमीटर आहे. फार तिरपा किरण या काचेतून जाताना ढळतो आणि शेजारच्या रंगाच्या घरातही शिरतो. त्यामुळे बायोगॉनच्या कुळातल्या, फिल्मला खेटून बसणाऱ्या लेन्सेस आजच्या अनेक मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर जांभळट कडा आणि सारवलेले कोपरे देतात. रेट्रोफोकस लेन्सचे मागचे भिंग दूर असते. तिचे किरण सेन्सरवर बरेच सरळ पडतात. आरशाने जी तडजोड लादली, तीच आरसा गेल्यावर उपयोगी ठरली. कागदावर श्रेष्ठ असलेली रेंजफाइंडरची, म्हणजे बिनआरशाच्या फिल्म कॅमेऱ्याची २१ मिमी लेन्स आजच्या सेन्सरवर कोपऱ्यांत साध्या एसएलआरच्या लेन्सपुढे हरू शकते. फिल्मवर काम करणाऱ्याने अर्थातच उलट निवड करावी.

लेन्स ठरली की ती बसवण्याचा प्रश्न. मिररलेस कॅमेऱ्याचा माउंट सेन्सरच्या जवळ असतो, सोनी ई मध्ये १८ मिमी. त्यामुळे निकॉनच्या लेन्सला २८.५ मिमी जाडीचा अडॅप्टर लावला की हिशेब जुळतो. डीएसएलआर असेल तर आधी गणित करा. पेंटॅक्स, प्राक्टिका, झेनिट यांच्या एम४२ आट्यांच्या लेन्सेसचे अंतर ४५.४६ मिमी आणि कॅननच्या ईएफचे ४४, म्हणून पातळ कडीने काम भागते. तीच लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर साध्या कडीने अनंतापर्यंत फोकस होणार नाही. कॅननच्याच जुन्या एफडी लेन्सेस ४२ मिमीच्या, म्हणून त्या कॅननच्या डीएसएलआरवरही अडतात.

अडॅप्टर स्वस्तातला घेऊ नये. १३५ मिमीच्या लेन्सला तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने जाड निघाला तर लेन्स १८० मीटरच्या आसपास फोकस करून थांबते, कुणाच्या लक्षातही येत नाही. तेवढाच जाडपणा २० मिमीला चार मीटरवर अडकवतो. डोंगर कधीच रेखीव येणार नाही, आणि दोष बिचाऱ्या लेन्सच्या माथी. अडॅप्टर पातळ असेल तर अनंत गाठता येते, पण कडीवरचे आकडे खोटे ठरतात आणि निक्कोरसारख्या सरकत्या गटांच्या लेन्समध्ये ते गट चुकीच्या जागी उभे राहतात.

सेन्सर लहान असेल तर रुंदीही आटते. १.५ पट क्रॉपच्या कॅमेऱ्यावर २४ मिमीची लेन्स ३६ मिमीइतकाच कोन देते. जुन्या जमान्यात २० मिमीच्या खालच्या लेन्सेस दुर्मीळ आणि महाग होत्या, त्यामुळे छोट्या सेन्सरवर खरा वाइड अँगल हवा असेल तर जुन्या बाजारात फारसे काही हाती लागत नाही. तिथे नवी लेन्सच बरी.

कमी खर्चात काम भागवायचे असेल तर व्हिव्हिटारची २८ मिमी पाहावी. या अमेरिकी कंपनीचा स्वतःचा कारखाना नव्हता, ती जपानी कारखान्यांकडून लेन्सेस करून घेई. सत्तरच्या दशकातल्या बहुतेक नगांच्या सीरिअल क्रमांकाचे पहिले दोन आकडे कारखाना सांगतात: २२ असेल तर किनो, २८ असेल तर कोमिने, ३७ असेल तर टोकिना. एकाच नावाखाली एफ/२ आणि एफ/२.८ च्या अनेक रचना विकल्या गेल्या, म्हणून क्रमांक वाचल्याशिवाय परीक्षणांवर विसंबू नये.

नग हातात आला की अपर्चर पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च धरून आरपार पाहा. धूळ सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत कपाटात राहिलेल्या लेन्सेसमध्ये ती फार आढळते. लेपात खोल गेलेली बुरशी साफ करूनही वण ठेवते. कडेला इंद्रधनुषी डाग म्हणजे चिकटवलेली भिंगे सुटली आहेत, अशी लेन्स घेऊ नये. मग अपर्चरची कडी फिरवून पाती पाहा. जुन्या फ्लेक्टोगॉनमध्ये त्यांवर तेल उतरण्याची खोड आहे, आणि तेलकट पाती आळसाने मिटतात.

शेवटची कसोटी कोपऱ्यांची. दूरची एखादी इमारत निवडा आणि फोकस न हलवता तिचा तोच तपशील चौकटीच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने आणून फोटो घ्या, एकदा अपर्चर पूर्ण उघडे ठेवून, एकदा एफ/८ वर. उघड्या अपर्चरला चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो रचनेचा स्वभाव आहे आणि एफ/८ वर ते सुधारायला हवेत. एकच कोपरा वेगळा पडला तर एखादे भिंग जागचे हलले आहे किंवा अडॅप्टर तिरपा आहे. दुसरा अडॅप्टर लावून तेच फोटो पुन्हा घ्या. तोच कोपरा पुन्हा पुसट आला तर दोष लेन्सचा, आणि ती परत करण्याची मुदत संपण्याआधी परत करावी.