तुरुंगात देव भेटतो, पण सुटल्यावर कोण भेटतं? ख्रिस्ती श्रद्धा आणि कैद्यांच्या नव्या आयुष्याची गोष्ट

'मी गुन्हेगार होतो, तुरुंगात बायबल वाचलं आणि माणूस बदलला.' अशी साक्ष सांगणारे व्हिडिओ सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असतात. खाली कमेंटमध्ये दोन गट पडतात. एक म्हणतो, हा चमत्कार आहे. दुसरा म्हणतो, आत गेल्यावर सगळ्यांनाच देव आठवतो.

श्रद्धेमुळे माणूस खरंच पुन्हा गुन्ह्याकडे वळत नाही का? अमेरिकेत गेली पन्नास वर्षं या प्रश्नावर काम, संशोधन आणि कोर्टकचेरीही झाली आहे. त्यातून मिळालेलं उत्तर या दोन्ही गटांना पूर्णपणे पटणारं नाही.

राष्ट्राध्यक्षांचा सल्लागार कैदी झाला तेव्हा

या गोष्टीतलं सर्वात ठळक नाव म्हणजे चार्ल्स कोल्सन. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे ते विशेष सल्लागार होते. विरोधकांना नामोहरम करण्यासाठी काहीही करायला तयार असलेला माणूस अशी त्यांची ख्याती होती.

वॉटरगेट प्रकरणाचा फास आवळत असताना, १९७३च्या ऑगस्टमध्ये कोल्सन यांची एका उद्योजक मित्राशी भेट झाली. त्या मित्राने त्यांना ख्रिस्ती श्रद्धेबद्दल सांगितलं. त्यानंतर आपण ख्रिस्ताला शरण गेलो, असं कोल्सन यांनी जाहीर केलं. वर्तमानपत्रांनी त्यांची भरपूर टिंगल केली. शिक्षा टाळण्यासाठी केलेलं हे नाटक आहे, असं अनेकांना वाटलं.

पण जून १९७४मध्ये कोल्सन यांनी न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचा गुन्हा स्वतःहून कबूल केला. एक ते तीन वर्षांची शिक्षा झाली आणि प्रत्यक्षात त्यांनी सुमारे सात महिने तुरुंगात काढले. या काळात त्यांचे वडील वारले. वकिलीचा परवानाही गेला.

३१ जानेवारी १९७५ रोजी ते सुटले. पुढच्याच वर्षी त्यांनी 'प्रिझन फेलोशिप' ही कैद्यांसाठी काम करणारी संस्था सुरू केली. १९९३मध्ये त्यांना टेम्पलटन पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याची दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम त्यांनी संस्थेलाच दिली. २०१२मध्ये निधन होईपर्यंत ते हेच काम करत राहिले.

कोल्सन यांच्याकडे असं काय होतं?

ही गोष्ट सहसा इथेच संपवली जाते. श्रद्धा आली, माणूस बदलला. पण त्यातला एक धागा बऱ्याचदा सुटतो.

कोल्सन तुरुंगात जाण्याआधीच त्यांच्याभोवती एक छोटा प्रार्थना गट तयार झाला होता. त्यात हॅरोल्ड ह्यूज होते. ते विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर, निक्सन यांचे कडवे टीकाकार आणि स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले. रिपब्लिकन खासदार अल क्वी हेही त्या गटात होते. कोल्सन आत असताना घरच्या अडचणी वाढल्या, तेव्हा त्यांची उरलेली शिक्षा आपण भोगायची तयारी क्वी यांनी दाखवली होती. कायद्याने तसं होणं अवघड होतं. पण बाहेर आपल्यासाठी एवढं करायला कुणीतरी तयार आहे, हे कोल्सन यांना कळलं.

बहुतेक कैद्यांच्या वाट्याला हे येत नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाने ३० राज्यांत २००५मध्ये सुटलेल्या कैद्यांचा माग घेतला. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक लोकांना तीन वर्षांच्या आत पुन्हा अटक झाली होती. सुटलेल्या माणसाला नोकरीच्या अर्जात गुन्ह्याची नोंद द्यावी लागते. घरमालक भाड्याने जागा देत नाही. घरच्यांनी संबंध तोडलेले असतात. मग जवळ घेणारे उरतात ते जुने साथीदार.

ख्रिस्ती परंपरेत कैद्यांना एवढं महत्त्व का?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात येशू भुकेल्याला अन्न देण्याच्या बरोबरीने तुरुंगातल्या माणसाला भेटण्याचाही उल्लेख करतो. त्या माणसाला भेटणं म्हणजे मलाच भेटणं, असा त्याचा आशय आहे.

नव्या करारातली काही पत्रं तर तुरुंगातूनच लिहिलेली आहेत. फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रात संत पौल अनेसिम नावाच्या गुलामाची रदबदली करतो. याला परत घे, भावासारखा वागव, त्याचं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड, असं त्याचं म्हणणं आहे. म्हणजे 'हा बदललाय' एवढं सांगून पौल थांबत नाही, तो त्याच्यासाठी जामीन राहतो.

तुरुंगातल्या ख्रिस्ती कामाचा पाया हा असा आहे. प्रिझन फेलोशिपचा 'एंजल ट्री' हा उपक्रम याचं चांगलं उदाहरण आहे. तो १९८२मध्ये मेरी के बिअर्ड यांनी सुरू केला. त्या स्वतः बँक दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या होत्या. नाताळात दानातून मिळालेला साबण, टूथपेस्ट अशा वस्तू कैदी आया जपून ठेवतात आणि भेटीला आलेल्या मुलांना देतात, हे त्यांनी तुरुंगात पाहिलं होतं. म्हणून कैद्यांच्या मुलांना त्यांच्या आईवडिलांच्या नावाने भेटवस्तू पोचवायला त्यांनी सुरुवात केली. आतल्या माणसाचं घराशी असलेलं नातं तुटू नये, हा त्यामागचा विचार.

संशोधनाचे आकडे काय सांगतात?

१९९७मध्ये प्रिझन फेलोशिपने टेक्सासमधल्या एका तुरुंगात 'इनरचेंज' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात बायबलचा अभ्यास, शिक्षण, कामाची सवय आणि सुटल्यावर मदत करणारा एक मार्गदर्शक अशी रचना होती.

२००३मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि एक आकडा खूप गाजला. कार्यक्रम पूर्ण केलेल्यांपैकी फक्त ८ टक्के लोक दोन वर्षांत पुन्हा तुरुंगात गेले होते. कार्यक्रमात नसलेल्या, पण तशाच पार्श्वभूमीच्या कैद्यांमध्ये हे प्रमाण २०.३ टक्के होतं.

मात्र त्याच अहवालात दुसराही आकडा होता. कार्यक्रमात दाखल झालेले एकूण १७७ जण होते आणि त्यांतल्या ७५ जणांनीच तो पूर्ण केला होता. सगळ्या १७७ जणांचा हिशोब केला, तर पुन्हा तुरुंगात जाणाऱ्यांचं प्रमाण २४.३ टक्के निघालं. म्हणजे कार्यक्रमात नसलेल्यांपेक्षा थोडं जास्तच.

मग फरक कुठे पडला? 'पूर्ण केला' याची व्याख्या पाहिली की उलगडा होतो. आतला अभ्यासक्रम आणि सुटल्यानंतरचा सहा महिन्यांचा टप्पा पार पाडलेला, शिवाय सलग तीन महिने नोकरी टिकवून चर्चमध्ये नियमित जाणारा माणूसच या यादीत येत होता. ज्याची नोकरी टिकली, तो साहजिकच गुन्ह्यापासून लांब राहण्याची शक्यता जास्त. शंभर मुलांच्या वर्गातली नापास मुलं वगळून 'आमचा निकाल शंभर टक्के' म्हणावं, तसा हा प्रकार झाला, अशी टीका अभ्यासकांनी केली.

ही टीका रास्त होती. तरीही अहवालातली एक गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. कार्यक्रम अर्धवट राहिलेल्या अनेकांना पॅरोल लवकर मिळाला होता, त्यामुळे त्यांना पुरेसा काळ मिळालाच नाही. आणि ज्यांचा मार्गदर्शकाशी संपर्क जास्त होता, त्यांचं पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचं प्रमाण कमी होतं.

मिनेसोटात काय वेगळं घडलं?

याच कार्यक्रमाचा दुसरा अभ्यास मिनेसोटा राज्यात झाला. २००३ ते २००९ या काळात सुटलेल्या ७३२ कैद्यांची त्यात तुलना केली होती. यावेळी कार्यक्रम अर्धवट सोडलेल्यांनाही हिशोबात धरलं होतं. तरीही कार्यक्रमात असलेल्यांना पुन्हा अटक होण्याचा धोका २६ टक्क्यांनी, पुन्हा दोषी ठरण्याचा ३५ टक्क्यांनी आणि नव्या गुन्ह्यासाठी तुरुंगात जाण्याचा ४० टक्क्यांनी कमी आढळला.

मिनेसोटातला कार्यक्रम बराचसा स्वयंसेवकांवर चालत होता. आत असताना जोडला गेलेला मार्गदर्शक सुटल्यावरही संपर्कात राहावा, यावर त्यात भर होता. म्हणजे श्रद्धेने उमेद दिली असेलही, पण ती बाहेर टिकवून धरायला माणसं होती.

कोर्टाने आक्षेप का घेतला?

आयोवा राज्यात मात्र हाच कार्यक्रम अडचणीत आला. तिथे सरकार त्यासाठी पैसे देत होतं. कार्यक्रमातल्या कैद्यांना स्वतंत्र स्वच्छतागृह, घरच्यांशी जास्त भेटी अशा सवलती मिळत होत्या. कोणत्याही धर्माच्या कैद्याला त्यात येता येत होतं, पण शिकवण पूर्णपणे ख्रिस्ती होती.

२००६मध्ये फेडरल न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवलं. २००७मध्ये अपील न्यायालयानेही या निर्णयाचा मुख्य भाग कायम ठेवला. कैद्याने प्रार्थना करण्याला कोर्टाची हरकत नव्हती. सरकारी पैशातून एकाच धर्माच्या वाटेवर सवलती देणं चूक होतं. चांगल्या खोलीसाठी स्वीकारलेली श्रद्धा किती खरी, हा प्रश्न धर्माच्या बाजूनेही महत्त्वाचाच आहे.

भारतात काय परिस्थिती आहे?

भारतात कॅथलिक चर्चशी जोडलेली 'प्रिझन मिनिस्ट्री इंडिया' ही संस्था कैद्यांमध्ये काम करते. हे काम केरळमध्ये सुरू झालं आणि देशभर पसरलं. तुरुंगातल्या भेटींबरोबरच सुटलेल्यांसाठी पुनर्वसन केंद्रं चालवण्यावरही संस्थेचा भर आहे. केंद्र सरकारच्या २०१६च्या आदर्श कारागृह नियमावलीतही सुटकेनंतरची देखभाल आणि पुनर्वसन यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. पण चारित्र्य पडताळणीत अडकलेल्या माणसाला काम कोण देणार, हा प्रश्न शेवटी गावाला, मालकाला आणि नातेवाइकांनाच सोडवावा लागतो.

कोल्सन यांनाही हे चुकलं नाही. शिक्षेमुळे गेलेला मतदानाचा हक्क त्यांना फ्लोरिडाच्या गव्हर्नरांकडून २०००मध्ये परत मिळाला. तोवर सुटकेला पंचवीस वर्षं झाली होती, आणि ती सगळी वर्षं त्यांनी कैद्यांसाठी काम करण्यात घालवली होती.

त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्या कैद्याच्या परिवर्तनाचा व्हिडिओ समोर आला, तर 'श्रद्धा खरी की खोटी' यावर वाद घालण्याआधी काही साध्या गोष्टी शोधाव्यात. तो सुटून किती दिवस झाले? तो राहतो कुठे, काम काय करतो? आणि तो दारातून बाहेर पडला तेव्हा त्याला घ्यायला कोण आलं होतं?