कडक शॉकअपचं खूळ

अमरावती असो की अकोला, मोटारसायकलचा मागचा शॉकअप बदलायची वेळ आली की गॅरेजात ठरलेला सल्ला मिळतो : “कडक टाकून घ्या भाऊ, गाडी दबतच नाई.” मग गिऱ्हाईक काउंटरवरच्या नव्या शॉकअपवर तळहाताने जोर देऊन पाहतं. तो हलत नाही, आणि त्या न हलण्यावरच खूश होऊन पैसे मोजले जातात. ज्या स्प्रिंगला गाडी, माणूस आणि सामान पेलायचं आहे, ती कोणत्याही कंपनीची असली तरी तळहाताने दबणार नाही. म्हणजे या परीक्षेत चांगला, वाईट, अस्सल, नकली सगळेच शॉकअप पास होतात. तरीही “कडक तेवढा चांगला” हा समज काही जात नाही, आणि एकदा त्याच्या मुळाशी जाणं भाग आहे.

शॉकअप म्हणून आपण जी एक वस्तू विकत घेतो, तिच्यात दोन वेगळी यंत्रं एकमेकांत बसवलेली असतात. बाहेरची स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का लागला की दबते. पण दबलेली स्प्रिंग घेतलेली ताकद परत देतेच. ती गाडीला वर फेकते, पुन्हा खाली आणते, पुन्हा वर फेकते. हा झोका मोडायचं काम आतली तेलाची नळी करते. दांड्याच्या टोकावरचा पिस्टन बारीक छिद्रांतून तेल ढकलतो, त्या ओढाताणीत धक्क्याची ताकद उष्णतेत जाते आणि खराब रस्त्यावर नळी गरम होते. हे डोळ्यांनी पाहायचं तर रिमोटवर चालणारा हौशी लोकांचा ट्रक बघावा. त्याचा बोटाएवढा शॉकअप हाताने खोलता येतो. स्प्रिंग काढून ठेवली आणि दांडा हळू ढकलला तर तो सहज आत जातो. जोराने ढकलला तर अडतो. आत सिलिकॉन तेल, पिस्टनला दोन-तीन छिद्रं, बास. तेल घट्ट केलं की अडथळा वाढतो, स्प्रिंगला मात्र त्याचा पत्ताही नसतो. (त्या छंदातही रंगीत अ‍ॅल्युमिनियमची नळी बसवली म्हणजे ट्रक सुधारला असं मानणारे आहेतच. नळी टिकाऊ होते हे खरं, पण उड्या कमी होतात त्या आतल्या तेलाने आणि छिद्रांनी.) तेव्हा ‘कडक’ म्हणजे नेमकं काय, स्प्रिंग की तेल, हा पहिला प्रश्न. सल्ला देणाऱ्याला तो विचारून पाहावा.

बहुतेक वेळा त्याच्या मनात स्प्रिंग असते, आणि इथेच घोटाळा होतो. तेल तेवढंच ठेवून स्प्रिंग दुप्पट कडक केली तर गाडीचा झोका शांत व्हायला वेळ तेवढाच लागतो, पण तेवढ्या वेळात हेलकावे सुमारे ४० टक्क्यांनी वाढतात. हा शाळेतल्या भौतिकशास्त्राचा हिशोब आहे, कुणाचं मत नव्हे. यावर शेतकऱ्याचा आक्षेप रास्त आहे : गाडीवर ओझं असतं, मऊ स्प्रिंग बुडाला टेकते, मग काय करायचं? रोज ओझं वाहणाऱ्याला थोडी कडक स्प्रिंग लागतेच, हे मान्य. पण वजन वाढलं की झोका थांबायला वेळही जास्त लागतो, म्हणून स्प्रिंगसोबत तेलाचा अडथळाही वाढलेला हवा. नुसती जाड तारेची स्प्रिंग विकणारा अर्धाच माल विकत असतो. आणि ओझ्यालाही हद्द आहे. युरियाचं पोतं आता ४५ किलोचं असतं. दोन पोती ९० किलो, चालवणारा ६५ धरला तर झाले १५५. १०० सीसीच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत १३० किलोच्या आसपासची मर्यादा छापलेली असते. शॉकअप कडक केल्याने रिम, टायर आणि ब्रेक यांची ताकद वाढत नाही.

दुसरा घोटाळा शॉकअपच्या बुडाशी असलेल्या खाचांच्या कडीचा. पान्याने ती फिरवून शेवटच्या खाचेत नेली की “शॉकअप कडक केला” म्हणतात. समजा एक स्प्रिंग दर २० किलोला १ सेंटीमीटर दबते. कडीने ती आधीच १ सेंटीमीटर दाबून ठेवली तर पहिले २० किलो ती हलणार नाही. त्यापुढे दर २० किलोला पुन्हा १ सेंटीमीटरच दबेल. स्प्रिंग होती तीच राहते, गाडीचं बूड तेवढं वर उचललं जातं. मागे माणूस बसणार असेल तर कडी वर घ्यावी, एकट्याने जाताना खाली आणावी. ती त्यासाठीच दिलेली आहे.

“पण आपल्याकडचे रस्तेच असे, मऊ शॉकअप टिकेल कसा?” हा शेवटचा हुकमी एक्का. रस्ते असे का, तेही पाहू. वऱ्हाडची काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता म्हणून लाटा धरतो. रस्त्यांची रचना सांगणारी आयआरसी-३७ ही मार्गदर्शिका अशा जमिनीवर न फुगणाऱ्या मातीचा थर द्यायला सांगते, ती उगाच नाही. याच पट्ट्यात जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरीकरण करून गिनेस विक्रम झाला. अशा गुळगुळीत डांबरावर कडक शॉकअप झकास वाटतो, कारण त्याला तिथे कामच नसतं. महामार्ग सोडून पांदण रस्त्याला लागलं की खरी परीक्षा. लांब लाटेवर गाडी झोके घेते, तिथे तेल लागतं. खड्ड्याच्या धारेवर चाक झटकन वर जाऊन झटकन खाली यायला हवं. न दबणारी स्प्रिंग चाकासकट गाडी उचलते आणि क्षणभर टायर जमीन सोडतो. हवेतल्या चाकाला ब्रेक लागत नाही. खराब रस्ता हे कडक शॉकअपविरुद्धचं कारण आहे, त्याच्या बाजूचं नाही.

बाकीचे समज थोडक्यात. ‘गॅसचा शॉकअप’ गॅसवर गाडी तोलत नाही. दाबाखालचा नायट्रोजन तेलाला फेस येऊ देत नाही, एवढंच त्याचं काम, आणि स्वस्त नकलांवरची बाहेरची डबी कधी कधी निव्वळ शोभेची असते. पुढच्या फोर्कमध्ये इंजिनचं जुनं तेल चालतं, हे चूक. ४५ अंशांच्या मे महिन्यात तेल पातळ होतं म्हणून दुप्पट घट्ट तेल भरणंही चूक. जानेवारीच्या सकाळी तीच गाडी हाडं मोजते. जोडीतला एकच शॉकअप गळाला तरी बदलायचे दोन्ही. आणि मागून खडखड येते म्हणजे शॉकअपच गेला असं धरून चालू नये. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक आडवं हलवून पाहावं. खेळ लागला तर दोष स्विंगआर्मच्या बुशमध्ये किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे, आणि नवे शॉकअप बसवूनही तो आवाज जाणार नाही.