‘बाळ गुणी आहे, रडतच नाही’ हे कौतुक की धोक्याची सूचना? नवजात बाळाच्या अंगातील ताण का तपासतात, समजून घ्या

बारामती : बाळंतिणीला भेटायला आलेल्या पाहुण्यांकडून दोन वाक्ये हमखास ऐकायला मिळतात. पहिले, ‘बाळ किती गुणी आहे, रडतच नाही.’ दुसरे, काही महिन्यांनी, ‘पायात काय ताकद आहे, आत्ताच ताठ उभे राहते.’ बहुतेक वेळा ही दोन्ही वाक्ये खरी आणि आनंदाचीच असतात. मात्र कधी कधी याच कौतुकाआड आजार लपतो. फार शांत बाळाचे अंग सैल पडलेले असू शकते आणि लवकर ‘उभ्या’ राहणाऱ्या बाळाचे पाय प्रमाणाबाहेर ताठ असू शकतात. म्हणूनच डॉक्टर बाळाच्या स्नायूंचा ताण, म्हणजेच मसल टोन, आणि प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजेच रिफ्लेक्स, तपासतात.

मसल टोन म्हणजे काय?

स्नायू आरामात असतानाही त्यात थोडा ताण असतो. पूर्ण दिवसांचे निरोगी बाळ हातपाय दुमडून झोपते. पाय सरळ केला आणि सोडला, की तो पुन्हा दुमडतो. दिवस भरण्याआधी जन्मलेले बाळ त्या मानाने सैल असते.

ही तपासणी जन्मानंतर पहिल्याच मिनिटाला सुरू होते. अमेरिकेतील डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या ‘अपगार स्कोअर’मध्ये हृदयाचे ठोके, श्वास, रंग आणि प्रतिसाद यांच्याबरोबर स्नायूंच्या ताणालाही ० ते २ गुण दिले जातात. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला हे गुण मोजतात.

कोणत्या प्रतिक्षिप्त क्रिया पाहतात?

• मोरो : डोक्याचा आधार किंचित सुटताच किंवा मोठा आवाज होताच बाळ दचकून दोन्ही हात पसरते आणि पुन्हा जवळ घेते. ४ ते ६ महिन्यांत हे थांबते.

• मूठ आवळणे : तळहातावर बोट ठेवताच बाळ ते घट्ट धरते. ही क्रियाही ४ ते ६ महिन्यांत जाते.

• तोंड वळवणे आणि चोखणे : गालाला स्पर्श होताच बाळ त्या बाजूला तोंड वळवते. दूध पिण्याची ही निसर्गाने केलेली तयारीच आहे.

• पावले टाकणे : उभे धरून तळवे टेकवले, की बाळ चालल्यासारखे पाय उचलते. साधारण २ महिन्यांनी हे दिसेनासे होते.

डॉक्टर यात तीन गोष्टी बघतात. क्रिया आहे का, दोन्ही बाजूंना सारखी आहे का आणि वेळेवर जाते का. दचकताना एकच हात उचलला जात असेल, तर प्रसूतीवेळी खांद्याजवळील नसेला ताण बसला असेल किंवा गळपट्टीचे हाड मोडले असेल, अशी शंका घेतली जाते. ६ महिन्यांनंतरही मोरो जात नसेल, तर मेंदूच्या वाढीची तपासणी लागते.

पायांचा कोन कशासाठी मोजतात?

फ्रेंच डॉक्टर क्लोदीन आमिएल-टिसाँ यांच्या पद्धतीत बाळाच्या सांध्यांचे कोन मोजतात. दोन्ही पाय बाजूला फाकवल्यावरचा कोन पहिल्या ३ महिन्यांत साधारण ४० ते ८० अंश असतो. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास तो १४० अंशांपर्यंत किंवा त्याहून पुढे जातो. हा कोन वाढत नसेल, तर पाय ताठ राहत आहेत असे समजते. घरात याची पहिली जाणीव लंगोट बांधणाऱ्या आईला किंवा न्हाऊ घालणाऱ्या आजीला होते : पाय फाकत नाहीत, कात्रीसारखे एकमेकांवर चढतात.

आशाताई घरी येऊन काय पाहतात?

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील महिलांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये ‘एचबीएनसी’ हा राष्ट्रीय कार्यक्रम आला. त्यानुसार रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. हातपाय लुळे पडले का, दूध ओढणे कमी झाले का, रडण्याचा आवाज क्षीण झाला का, हे प्रश्न त्यांच्या तपासणीत असतात. आधी चांगल्या असलेल्या बाळात ही लक्षणे दिसली, तर रक्तातील जंतुसंसर्गाची शक्यता असते आणि अशा वेळी तास महत्त्वाचे ठरतात.

भेटी चुकतात कुठे?

पहिले बाळंतपण माहेरी होते, नाव मात्र सासरच्या गावच्या यादीत असते. ऊसतोड कुटुंबांचे तसेच. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर परिसरात हंगामात बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात आणि बाळ फडाजवळच्या कोपीत असते. अशा वेळी बाळ ज्या गावात आहे, तेथील आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेला स्वतःहून कळवावे.

लगेच रुग्णालयात कधी न्यावे?

• अंग सैल पडले, दूध ओढत नाही किंवा उठवूनही जागे होत नाही
• झटके येतात, अंग धनुष्यासारखे ताठते
• कावीळ वाढत आहे आणि बाळ सुस्त आहे

तपासणीसाठी कधी न्यावे?

• एकच हात किंवा पाय हलतो
• ३ महिन्यांनंतरही मुठी सतत आवळलेल्या, अंगठा आत
• ४ महिने उलटूनही मान धरत नाही

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. २ महिने आधी जन्मलेले बाळ ६ महिन्यांचे झाले, तरी वाढीच्या हिशेबात ते ४ महिन्यांचे असते.

बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. ‘जननी शिशु सुरक्षा’ कार्यक्रमात आजारी बाळाला वर्षापर्यंत सरकारी रुग्णालयात उपचार आणि वाहन मोफत मिळते. त्यासाठी १०२, तर तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर फोन करावा.

व्हिडिओ पाहून घरी तपासावे का?

नाही. डोके सोडून दचकवणे किंवा पाय ओढून पाहणे धोक्याचे आहे. रोज न्हाऊ घालताना, दूध पाजताना दिसते तेवढे पुरेसे आहे. काही वेगळे वाटले, तर मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. बाळ तपासणीच्या वेळी झोपलेले असले, तरी त्यावरून डॉक्टरांना अंदाज येतो.