उभ्या गाडीचं ऑइल

कॅनडात किंवा स्वीडनमध्ये बर्फाचे दिवस आले की मोटरसायकल गॅरेजात जाते आणि मार्च-एप्रिलला बाहेर निघते. मराठवाड्यातल्या देवणीला असा हिवाळा नाही. पौषातल्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. स्प्लेंडरसारख्या गाडीत पडणाऱ्या १०डब्ल्यू-३० ऑइलमधला पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा असतो आणि त्याची परीक्षा उणे २५ अंशांवर घेतात. तेव्हा ऑइल थिजण्याची भीती इथे कुणी बाळगू नये. तरीही गाड्या आपल्याकडे महिनोन्महिने उभ्या राहतात, त्याही नेमक्या याच दिवसांत. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी मुखेड, कंधार, जळकोट, देवणी या भागांतून दसरा-दिवाळीला ऊसतोडीला निघतात, ती कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावरच परततात. कुणी हैदराबादला, कुणी पुण्याला कामाला जातं. गाडी ओसरीत, तिच्यावर गोणपाट. परत आल्यावर किक मारण्याआधी ऑइल बघायचं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्या ऑइलचा बराचसा निकाल गाडी उभी केली त्या दिवशीच लागलेला असतो, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

एक लीटर पेट्रोल जळलं की साधारण एक लीटर पाणी तयार होतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळाला की दुसरं काय होणार? ही वाफ बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जाते. थोडी मात्र पिस्टनच्या रिंगांशेजारून खाली झिरपते आणि ऑइलमध्ये मिसळते; तिच्यासोबत काजळी, न जळलेलं पेट्रोल आणि आम्लं तयार करणारे वायूही येतात. गाडी लांब पळाली तर ऑइल चांगलं तापतं आणि पाणी उडून जातं. घर ते शेत, शेत ते चौक एवढंच फिरणाऱ्या गाडीत ते तसंच साठतं. आम्ल मारण्यासाठी ऑइलमध्ये क्षारीय द्रव्यं घातलेली असतात, पण वापरागणिक ती संपत जातात. अशी संपत आलेली पुंजी पोटात घेऊन गाडी पाच महिने उभी राहिली, तर ओल आणि आम्ल मिळून बेअरिंग आणि कॅमच्या गुळगुळीत पृष्ठभागावर काम करत राहतात. म्हणून ऑइल बदलायचंच असेल तर ते जाण्याआधी बदलावं, आणि नव्या ऑइलवर गाडी चांगली तापेपर्यंत फिरवून मग उभी करावी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: गाडी चाललीच नाही तर ऑइल झिजेल कशानं? नवं ऑइल घालून गाडी उभीच ठेवायची तर पैसे वाया नाही का? प्रश्न रास्त आहे. स्वच्छ ऑइल पाच-सहा महिन्यांत उभ्या-उभ्या खराब होत नाही, त्यामुळे परत आल्यावर ते पुन्हा बदलायची गरज नसते. म्हणजे खर्च वाढत नाही, फक्त त्याचा दिवस अलीकडे येतो. कंपनीच्या पुस्तिकेत किलोमीटरसोबत दिवसांचाही हिशेब दिलेला असतो आणि जे आधी भरेल ते धरायचं असतं. दुसरा आक्षेप अधिक जाणकार आहे. हिवाळ्यात मराठवाड्याची हवा कोरडी, तेव्हा इंजिनात ओल येणार कुठून? बाहेरून फारशी येत नाही, हे खरंच. युरोपातल्या दमट थंडीसाठी लिहिलेले सल्ले आपण जसेच्या तसे उचलू नयेत. पण आपल्या गाडीतलं पाणी तिच्याच जळणातून आलेलं असतं, आणि ते हवेच्या कोरडेपणाला विचारत नाही.

आता परत आल्यावरचं. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्यावी, ऑइलची काडी काढून पुसावी, पुन्हा घालून बघावी. हिरो-होंडा घराण्यातल्या गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. रॉयल एनफिल्डसारख्या गाडीला काचेची खिडकीच असते. लोक पातळी कमी आहे का एवढंच बघतात. उभ्या गाडीत उलटी शंका आधी घ्यावी: पातळी वाढली तर नाही ना? कार्बोरेटरच्या जुन्या गाडीचा पेट्रोल कॉक उघडा राहिला आणि फ्लोटची सुई अडकली, तर टाकीतलं पेट्रोल सिलिंडरमधून थेट खाली उतरतं. ऑइल पातळ होतं, काडीला पेट्रोलचा वास मारतो. अशा गाडीला किक मारायचीच नाही. आधी ते ऑइल काढून टाकायचं आणि कार्बोरेटर दुरुस्त करून घ्यायचा. ऑइल ताकासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. रंग नुसता काळा असेल तर घाबरू नये. काजळी तळाशी बसू न देता धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, त्यामुळे काळेपणावरून काहीच ठरत नाही. बोटावर चोळून निदान करणारे मिस्त्री गावोगाव आहेत. त्यांच्या बोटापेक्षा नाकावर मी जास्त भरवसा ठेवेन. आणखी एक गोष्ट सहसा सुटते. इतके दिवस उभ्या गाडीतलं वरचं सगळं ऑइल निथळून खाली आलेलं असतं, म्हणून ही पातळी थोडी जास्तच दिसते. चावी बंद ठेवून पाच-सहा किका माराव्यात, म्हणजे पंप ऑइल वर चढवतो. मग गाडी सुरू करावी, रेस न देता काही मिनिटं चालू द्यावी, बंद करून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा काडी बघावी. भर घालायची की नाही, ते या दुसऱ्या मोजणीवरून ठरवावं. आणि भर घालताना कारचं ऑइल नको. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, आणि कारच्या बऱ्याच ऑइलांतल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी त्याच्या प्लेटा घसरू लागतात. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ अशी खूण बघून घ्यावी.

या सगळ्यावर घरोघरी एक सोपा उतारा सांगितला जातो: मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी आठवड्याला पाच मिनिटं गाडी सुरू करून ठेवावी. हेतू चांगला, पण पाच मिनिटांत पाणी तयार होतं आणि ते उडण्याइतकं ऑइल तापत नाही. म्हणजे दर आठवड्याला त्यात थोडी थोडी ओल घातल्यासारखंच होतं. घरात गाडी चालवणारं कुणी असेल तर त्यानं महिन्यातून एकदा तिच्यावर उदगीरला जाऊन यावं. नसेल तर कॉक बंद करून तिला तशीच राहू द्यावी.